बिघाड कुठे होईल, ते आधी सांगा

सप्टेंबर २०२५मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईने आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग पुढचा रकाना : पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. ज्या बाईचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने कुणाच्या फोनकडे बघायचं? जिला नवऱ्याने टाकली आहे, तिने त्याच्याच दारात जाऊन ओटीपी मागायचा का? नोव्हेंबरात मुदत वाढवावी लागली आणि अशा महिलांसाठी वेगळी सोय जाहीर करावी लागली.

मी वीसहून अधिक वर्षं सॉफ्टवेअर बनवण्याच्या धंद्यात आहे. आमच्याकडे नुकतीच लागलेली, टेस्टिंग करणारी मुलगीसुद्धा पहिल्या तासात विचारते, “हा रकाना रिकामा राहिला तर काय होईल?” महिन्याला १५०० रुपयांवर ज्यांचं औषधपाणी, मुलांची फी अवलंबून आहे अशा बायकांच्या अर्जाबाबत हा प्रश्न कुणी विचारला नसेल, तर विचारणारं माणूस त्या खोलीत नव्हतं. विचारला असेल, तर उत्तर ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मला दोन्ही शक्यता सारख्याच गंभीर वाटतात, आणि दोन्हींचा माझ्या व्यवसायाशी थेट संबंध आहे.

आपण धोरण म्हटलं की विधानभवन डोळ्यांपुढे आणतो. विधेयक, चर्चा, मतदान, राजपत्र. पण कुणाला लाभ मिळेल आणि कुणाला नाही, हे आता बरेचदा ज्या रकान्याशेजारी लाल चांदणी असते त्या रकान्यात ठरतं. विधवेला वगळा, असं कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नसतं. तसं लिहिण्याची कुणाची हिंमतही होणार नाही. पण रकाना सक्तीचा केला की तेच घडतं. म्हणून संगणक व्यावसायिकांनी सरकारच्या धोरणात लक्ष घालावं का, हा प्रश्न मला जुना वाटतो. आमच्या धंद्यातली माणसं धोरण आधीच लिहीत आहेत. निविदा भरणाऱ्या एखाद्या कंपनीत बसून, घाईत, कुणालाही न विचारता. प्रश्न एवढाच उरतो की आमच्यापैकी बाकीचे गप्प का, आणि बोलायचं तर कसं.

तंत्रज्ञान काय काय करू शकतं, हे सरकारला सांगणाऱ्यांची रांग मोठी आहे. मंत्रालयात रोज कुणी ना कुणी सादरीकरण करत असतं. त्या सादरीकरणात नेटवर्क कधी जात नाही, म्हाताऱ्याचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटतो, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच असतं. ह्याच्यापलीकडचं ज्ञान आमच्याकडे आहे, आणि ते आम्ही रात्री-अपरात्री बंद पडलेले सर्व्हर उठवून मिळवलेलं आहे. काय, कुठे, कधी आणि कुणाच्या अंगावर मोडून पडतं, हे आम्हाला कळतं. सरकारला तंत्रज्ञांनी द्यायचा सर्वांत मोलाचा सल्ला हाच आहे, आणि सगळ्यांत कमी दिला जाणाराही हाच.

मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून शिक्षकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असा निर्णय झाला. कल्पना वाईट नव्हती. पुनर्मूल्यांकनात पारदर्शकता येते, गठ्ठे इकडून तिकडे नेण्याचा धोका टळतो. पण हा बदल टप्प्याटप्प्याने करण्याऐवजी एकाच हंगामात सगळीकडे लावला. उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख. एका उत्तरपत्रिकेची तीस-चाळीस पानं धरली, तर पाच ते सात कोटी पानं स्कॅन करायची, प्रत्येक पान योग्य विद्यार्थ्याच्या नावावर बसवायचं, आणि ते मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शिक्षकांना मिळेल त्या इंटरनेटवर उघडून द्यायचं. त्यांतल्या कित्येकांनी असं काम आयुष्यात पहिल्यांदाच करायचं होतं. निकाल कायद्याने ४५ दिवसांत लागायला हवा. हा गुणाकार पाकिटाच्या पाठीवर मांडता येतो. त्याला मोठी विद्वत्ता लागत नाही. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. मुलांचे परदेशी प्रवेश अडकले, नोकऱ्यांच्या तारखा टळल्या, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

त्याच वर्षी शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन घेतले गेले. गावोगावच्या केंद्रांवर रात्रीपर्यंत रांगा लागल्या. नंतर बँकांनी दिलेल्या याद्या आणि अर्ज जुळवताना एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली आणि दिवाळीला जाहीर झालेलं वाटप रखडलं. याद्यांचा ताळमेळ हा संगणकाच्या दुनियेतला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कंटाळवाणा प्रश्न आहे. तो सुटायला किती दिवस लागतात, हे कुठल्याही बँकेच्या डेटा विभागात दहा वर्षं घालवलेला माणूस तारखेसकट सांगू शकला असता. मुंबई-पुण्यात अशी माणसं किती आहेत, हे मी सांगायला नको.

“पण सरकार ऐकतं कुठे?” हा प्रश्न माझे मित्र लगेच विचारतात. तो प्रामाणिक आहे, आणि उत्तर देताना मला नेहमी २०१५ आठवतं.

२७ मार्च २०१५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक सल्लामसलत-पत्र काढलं. ११८ पानं, जड इंग्रजी आणि शेवटी २० प्रश्न. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांना परवाना लागावा का, टेलिकॉम कंपन्यांनी वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळे दर लावावेत का, अशा वळणाचे ते प्रश्न होते. इंटरनेटवर सगळ्या माहितीला सारखी वागणूक मिळावी की नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. काही प्रोग्रॅमर, वकील आणि पत्रकारांनी फावल्या वेळात ते ११८ पानी पत्र वाचलं, सामान्य माणसाला कळेल एवढं छोटं केलं, आणि २०च्या २० प्रश्नांची उत्तरं मांडून ठेवली. ज्याला पटेल त्याने त्यात बदल करून आपल्या नावाने पाठवावीत. दहा लाखांहून जास्त ई-मेल ट्रायकडे गेले.

ही गोष्ट इथवर सगळ्यांना ठाऊक असते. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०१५मध्ये ट्रायने वेगवेगळ्या दरांबाबत दुसरं पत्र काढलं, त्यात चारच प्रश्न होते. या वेळी फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या, निवडक संकेतस्थळं फुकट उघडू देणाऱ्या, आपल्या योजनेच्या बाजूने प्रचंड मोहीम चालवली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, रस्त्यांवर फलक लागले आणि बटण दाबलं की तयार पत्र ट्रायकडे जाईल अशी सोय झाली. लाखो पत्रं पोहोचलीही. पण त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. आम्हाला ‘फ्री बेसिक्स’ हवं आहे, एवढंच होतं. ट्रायने कंपनीला कळवलं की सल्लामसलत म्हणजे घाऊक जमवलेला जनमत कौल नव्हे. दुसऱ्या बाजूला आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांनी ही योजना तांत्रिकदृष्ट्या कशी चालते, त्यात माहितीचा मार्ग कुणाच्या हातात जातो, हे मुद्देसूद मांडलं होतं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला : मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत, मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख.

आवाज दोन्ही बाजूंनी मोठा होता. टिकलं ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. नियामकाला निर्णयाबरोबर कारणं लिहावी लागतात, आणि उद्या कोर्टात ती वाचून दाखवावी लागतात. ज्याने कारण लिहून दिलं, त्याचं वाक्य निर्णयात शिरतं. ज्याने फक्त बाजू सांगितली, तो मोजणीत राहतो.

हे मला अनुभवाने उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी एका खात्याने नियमांच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या. विषय माझ्या रोजच्या कामाचा होता. मी तीन रविवार बसून चौदा पानांचं निवेदन इंग्रजीत लिहिलं. आकृत्या काढल्या, परदेशातले दाखले दिले, पहिल्याच पानावर मसुदा कसा मुळापासून चुकला आहे हे बजावलं. पोच आली, पुढे काहीच नाही. आमच्या सोसायटीत एक निवृत्त अवर सचिव राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. मी तणतणत त्यांना ती पानं वाचायला दिली. दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, “अरे, अभ्यास केलायस. पण मी त्या टेबलावर बसलो असतो, तर यातलं टिपणीत काय लिहिणार होतो, ते सांग.”

मला उत्तर देता येईना. काकांनी कागद घेतला आणि तीन रकाने आखले. मसुद्यातली तरतूद, सुचवलेली तरतूद, कारण. “तुझं म्हणणं ह्यात बसव. जे बसणार नाही, ते तू वर्तमानपत्राला दे, खात्याला नको. आणि दुसरा रकाना रिकामा सोडू नकोस. नुसतं ‘हे वगळावे’ लिहिलंस तर कक्ष अधिकाऱ्याला पर्यायी मजकूर स्वतः तयार करावा लागेल. त्याच्याकडे त्या दिवशी चाळीस नस्त्या, म्हणजे फायली, असतात.”

पुढच्या खेपेला, दुसऱ्या एका मसुद्यावर, मी मराठीत दोन पानं पाठवली. तीन तरतुदी, तीन पर्यायी मजकूर, प्रत्येकाखाली चार ओळींचं कारण. बारा दिवसांनी फोन आला. समोरचे कक्ष अधिकारी अतिशय सभ्यपणे विचारत होते, “साहेब, तुम्ही ‘हॅश करून साठवावे’ म्हटलंय, म्हणजे नक्की काय होतं ते सोप्या भाषेत सांगता का? मला वर समजावून सांगावं लागणार आहे.” मूळ माहिती परत काढता येणार नाही अशा रूपात बदलून ठेवणं, असं मी सांगितलं. अर्धा तास आम्ही बोललो. तिन्हींतला एक बदल अंतिम नियमांत आला, दोन आले नाहीत. कुठल्याही मोर्चाने, लेखाने किंवा ट्विटने मला त्याआधी एवढं मिळालं नव्हतं.

त्या फोनमुळे मला अधिकाऱ्याची बाजू पहिल्यांदा दिसली. त्याला तंत्रज्ञान कळत नाही, असं आपण सहज म्हणतो. पण त्याला वरिष्ठांना समजावायचं असतं, वित्त विभागाच्या शंकेला उत्तर द्यायचं असतं, उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर कारण दाखवायचं असतं, आणि ह्यातच कधीही बदली होऊ शकते. विक्रेता कंपनी त्याला तयार मसुदा, तयार अंदाजपत्रक, तयार सादरीकरण देते. आम्ही त्याला काय देतो? टीका, आणि तीही बहुतेकदा निर्णय झाल्यानंतर. मग तो विक्रेत्याकडे का वळणार नाही? त्याच्या हातात नस्तीला जोडता येईल असा कागद ठेवणं, ही लाचारी नाही. मला तर आता वाटतं की सल्ला देण्याच्या कामातला अर्धा भाग तोच आहे.

कागद कुठल्या टप्प्यावर ठेवायचा, हेही शिकावं लागतं. कायद्याच्या मसुद्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, निविदेकडे कुणाचंच नसतं. वास्तविक सरकारी प्रणालीचं नशीब निविदेत लिहिलं जातं. नेटवर्क नसताना नोंद करता येईल का? स्रोत-संहिता (सोर्स कोड) सरकारच्या मालकीची राहील की कंपनीच्या? कंत्राट संपल्यावर डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल? अंगठा जुळला नाही तर पुढची पायरी कोणती? प्रणाली बंद पडली तर दंड किती? हे पाच प्रश्न निविदेत आले नाहीत, तर नंतर कुठल्याही मंत्र्याने कितीही मनापासून आदेश दिला तरी कंपनी म्हणते, “हे कामाच्या व्याप्तीत नाही.” निविदापूर्व बैठकीत प्रश्न साधारणपणे निविदा भरणारेच विचारतात. पण निविदा संकेतस्थळावर उघड असते, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि खात्याला पत्र लिहायला तर नाहीच नाही.

आणि पत्र लिहिताना सरकारचेच शब्द सरकारपुढे ठेवता येतात. केंद्र सरकारने २०१५मध्ये मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. फेब्रुवारी २०१४मध्ये कायदेपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरवलं, त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा आणि त्यातल्या मुख्य गोष्टी सोप्या भाषेत समजावायला हव्यात. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर म्हणतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना सर्व संबंधित तथ्यं सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावीत. या तीन गोष्टींचा उल्लेख असलेलं पत्र आणि नसलेलं पत्र, यांना कार्यालयात मिळणारी वागणूक वेगळी असते, हे मी पाहिलं आहे.

तंत्रज्ञ सरकारच्या आत गेले तर? तसं झालेलं आहे, आणि त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतच सुरू झालं. २००९मध्ये नंदन निलेकणी एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीतून थेट आधार प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातल्या एका महिलेला देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. एका तंत्रज्ञाने आत जाऊन केवढं काम उभं करता येतं, याचं हे उदाहरण आहे, आणि मी ते कमी लेखणार नाही. कागद नसलेल्या कित्येकांना आधारने पहिल्यांदा एक ओळख दिली.

पण ज्यांच्या हातांना उसाच्या पाचटाने आणि विटांनी घट्टे पडले आहेत त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात, हे रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात कळलं होतं. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, पर्यायी पद्धत वापरा आणि नोंद ठेवा, हे प्राधिकरणाचं परिपत्रक यायला ऑक्टोबर २०१७ उजाडावं लागलं. पहिला क्रमांक दिल्यापासून सात वर्षं. त्या सात वर्षांत बोटांच्या ठशांच्या मर्यादा सांगणारे संशोधक होते, अभियंते होते, गावोगावचे कार्यकर्ते होते. त्यांच्यासाठी त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. आत गेलेल्या तंत्रज्ञाला प्रणाली उभी करण्याची घाई असते, ते स्वाभाविक आहे. म्हणूनच बिघाड मोजणारी माणसं वेगळी असावी लागतात, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून बसवावं लागतं.

कोविडच्या लशीचंही तसंच झालं. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटाला लस हवी असेल तर कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची केली. शहरातली चपळ मंडळी काही सेकंदांत जागा पटकावू लागली. पुण्या-मुंबईची माणसं गाडी काढून आसपासच्या ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन आली आणि त्या गावातली माणसं दारात उभी राहिली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी रिकामी जागा दिसताच मोबाइलवर सूचना येईल अशी साधनं बनवली. मीही ती वापरली. त्या वेळी मदत म्हणून बनवलेली ती साधनं ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनाच आणखी पुढे नेत होती, हे मला नंतर उमगलं आणि आजही टोचतं. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याच डिजिटल दरीवर बोट ठेवलं. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबायला नको होतं. आम्हाला ते पहिल्या आठवड्यात दिसत होतं. आम्ही आमची हुशारी दरी ओलांडण्यात खर्च केली, ती आहे हे लिहून देण्यात नाही.

सल्ला देणाऱ्याचे हितसंबंध, हा यातला अवघड भाग. माझा पगार एक कंपनी देते. ती कंपनी उद्या सरकारी कंत्राट घेऊ शकते. मी डेटा साठवण्याच्या नियमांवर मत देतो, तेव्हा वाचणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. म्हणून निवेदनाच्या पहिल्या ओळीत मी कुठे काम करतो आणि या नियमाने माझ्या मालकाचा काय फायदा-तोटा होईल, हे लिहून टाकायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. दोनदा मला त्यामुळे वरिष्ठांना उत्तर द्यावं लागलं. पण ज्याच्या सल्ल्यामागचा पैसा दिसत नाही, त्या सल्ल्यावर विश्वास ठेवा असं मी कुणाला म्हणू शकत नाही.

दुसरा नियम : पाठवलेलं निवेदन स्वतः जाहीर करायचं. जानेवारी २०२५मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा आला, तेव्हा आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असं सोबतच्या सूचनेत सांगितलेलं होतं. लोकांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून, असं कारण होतं. त्यामुळे कुठल्या कंपनीने काय मागितलं, कुठल्या नागरिकाने काय सुचवलं, आणि अंतिम नियमांत कुणाचं आलं, हे ताडून बघण्याचा मार्ग बंद झाला. माझ्या मते ही मोठी चूक होती. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ला सरकारकडे दिला. तज्ज्ञांनी, सरकारनेच मागितलेला, सार्वजनिक पैशाने केलेला अहवाल. तरी तो माहिती आयोगाच्या आदेशानंतर आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जाऊन मे २०१२मध्ये लोकांना दिसला. गाडगीळ सतत सांगत राहिले की तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जाऊ द्या. तज्ज्ञाने सल्ला कुणाला द्यायचा, याचं मला पटलेलं उत्तर त्या आग्रहात आहे. सल्ला सरकारला द्यायचा, पण ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांच्यासमोर द्यायचा.

तिथे भाषेचा प्रश्न आपोआप येतो. आम्ही संगणकवाले इंग्रजीत विचार करतो, कारण सगळा धंदा इंग्रजीत चालतो. पण राज्याचं टेबल मराठीत काम करतं, तलाठी मराठीत काम करतो, आणि २०२१पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपल्या पिकाचा फोटो स्वतः काढून नोंद करणारा शेतकरी मराठीतच अडतो. त्याच्या शिवारात रेंज नसते, फोन जुना असतो, गट क्रमांक निवडताना भलताच निवडला जातो, आणि पाहणीची मुदत संपत आलेली असते तेव्हा सर्व्हरवर सगळ्यांचीच गर्दी होते. यातल्या प्रत्येक अडचणीला आमच्या भाषेत नाव आहे, तोडगा आहे, आणि तो तोडगा जुनाही आहे. आम्ही फक्त त्याचं मराठीत दोन पानी पत्र लिहिलेलं नाही. ‘आधी फोनमध्ये साठवा, रेंज आल्यावर पाठवा’ हे सांगायला इंग्रजीची गरज काय?

पण एवढंही पुरत नाही. बाणेर किंवा पवईच्या कार्यालयात बसून बिघाडाची यादी केली, तर तीत आमच्याच आयुष्यातले बिघाड येतात. गेल्या वर्षी आम्ही चौघे मित्र महिन्यातून एक शनिवार सुट्टी काढून एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात जाऊन बसू लागलो. केंद्र चालवणारा तरुण आधी बिचकला, मग त्याने खणातून एक वही काढली. दोनशे पानी, कोपरे मुडपलेली. अर्ज कुठे अडला, हे तो स्वतःसाठी लिहून ठेवतो, कारण तोच माणूस पुन्हा आला की त्याला पहिल्यापासून सगळं विचारावं लागू नये. ‘आधारवर नाव सुमन, बँकेत सुमनबाई.’ ‘मोबाइल नातवाचा, नातू कामाला गेला पुण्याला, ओटीपी नाही.’ ‘जन्मतारीख १ जानेवारी, वय बसत नाही.’ ‘पती मयत, रकाना सोडत नाही.’

राज्यभरातल्या केंद्रांवर अशा वह्या असतील, किंवा वही नसली तरी डोक्यात असतील. त्या कुठल्याही सादरीकरणात येत नाहीत. आम्ही त्याची परवानगी घेऊन नावं, क्रमांक गाळून नुसत्या अडचणी उतरवून घेतल्या, प्रकारानुसार वेगळ्या केल्या, आणि प्रत्येकीसमोर दुरुस्ती लिहिली : नाव जुळवताना थोडा फरक चालवून घ्यावा, ओटीपी येत नसेल तर ग्रामसेवकाच्या साक्षीने पर्यायी नोंद व्हावी, मृत्यूचा दाखला जोडण्याची सोय रकान्यातच असावी. तीन रकाने, काकांनी आखून दिले तसेच. काकांनी मसुदा वाचला आणि एकच दुरुस्ती केली. आम्ही वहीतल्या नोंदी मजकुरात पेरल्या होत्या. त्यांनी त्या काढून शेवटी वेगळ्या जोडायला लावल्या आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘जोडपत्र अ’.

गेल्या सोमवारी ते पत्र मंत्रालयात आवक झालं. आवक क्रमांक मी त्या केंद्रावरच्या तरुणाला कळवला. त्याने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.